आयर्लंडच्या रानातले मातीचे कोट आणि आपल्या गढ्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला आयर्लंडवरचा प्रवासलेख वाचला. डब्लिन, मोहरचे कडे, पश्चिम किनारा हे सगळं त्यात छान आलं आहे. पण 'देशाच्या मध्यभागी गायी आणि गवत सोडून बघण्यासारखं काही नाही' हे त्यातलं वाक्य मला पटलं नाही, म्हणून हे पत्र लिहितो आहे. पत्र लांबलं आहे. जागेअभावी काटछाट करावी लागली तर जरूर करा, पण शेवटची विनंती तेवढी छापा.

मी मोजणी खात्यात भूकरमापक म्हणून लागलो आणि निमतानदार, म्हणजे झालेली मोजणी तपासणारा अधिकारी, म्हणून निवृत्त झालो. उभी नोकरी साखळी, शंकू, टिपण, फाळणी आणि लोकांची बांधावरची भांडणं यात गेली. माझी मुलगी आयर्लंडमध्ये स्लायगोला नर्स आहे. मे महिन्यात मी तिच्याकडे होतो तेव्हा सुट्टीच्या दिवशी ती मला 'लॉक की फॉरेस्ट पार्क'मध्ये फिरायला घेऊन गेली. रॉसकॉमन काउंटीत, बॉयल नावाच्या लहानशा गावाजवळ, डब्लिनहून स्लायगोला जाणाऱ्या हमरस्त्याला लागूनच हे रान आहे. एक मोठं तळं, तळ्यात झाडीने भरलेली बेटं आणि काठाने साधारण साडेतीनशे हेक्टर जंगल.

हे जंगल मूळचं एका जहागिरीचं आवार. त्याही आधी हा मुलूख मॅकडरमॉट या आयरिश सरदार घराण्याचा होता. तळ्यातल्या एका बेटावर त्यांचा वाडा होता, दुसऱ्या बेटावर मठ होता, आणि सोळाव्या शतकात याच घराण्याच्या आश्रयाने आयर्लंडची एक मोठी बखर लिहिली गेली, ती या तळ्याच्याच नावाने ओळखली जाते. पुढे सतराव्या शतकात जमिनी इंग्लंडहून आलेल्या किंग घराण्याकडे गेल्या. त्यांच्यातल्या लॉर्ड लॉर्टनने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इथे 'रॉकिंगहॅम हाऊस' बांधून घेतलं. नकाशा जॉन नॅशचा, म्हणजे लंडनच्या बकिंगहॅम पॅलेसला आजचं रूप देणाऱ्यांपैकी एका वास्तुविशारदाचा. तळं दिसावं म्हणून टेकाडावर घर, घराच्या पुढ्यात हिरवळ, मागेपुढे लावलेली झाडी.

त्या घराचं आज काही उरलेलं नाही. १९५७ साली आगीत ते जळालं, पुढे उभ्या भिंतीही पाडल्या, आणि त्या जागी आता काँक्रीटचा एक उंच मनोरा आहे, त्यावर चढून लोक तळं बघतात. १९५७ हा आकडा वाचून मी थबकलो. आपल्याकडे त्याच वर्षी १ एप्रिलला कूळ कायद्याने कसणाऱ्याला जमिनीचा मालक ठरवलं. आयर्लंडमध्ये कुळांना जमिनी मिळायला त्याच्या बऱ्याच आधी, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला सुरुवात झाली होती. तिथल्या लँड कमिशनने जमीनदारांकडून जमिनी घेऊन कुळांना हप्त्यांवर दिल्या. रॉकिंगहॅमची जमीनही आगीनंतर याच कमिशनकडे गेली आणि त्यातून आजचं सरकारी वन उभं राहिलं. त्या जमिनीमागे किती माणसांचं दुःख आहे हेही सांगायला हवं. १८४५ नंतरच्या बटाट्याच्या दुष्काळात या एका रॉसकॉमन काउंटीची लोकसंख्या दहा वर्षांत अडीच लाखांवरून पावणेदोन लाखांच्याही खाली आली. कोणी उपासमारीने आणि तापाने मेले, कोणी जहाजात बसून अमेरिकेला गेले.

घर गेलं, पण घराखालची भुयारं शाबूत आहेत. आम्ही त्यातून चालत गेलो. दगडी भिंती, वरून कमान, खाली ओल. तळ्यातून होडीने आलेलं जळण आणि सामान नोकरांनी या भुयारातून घरात न्यायचं, म्हणजे मालकांच्या खिडकीतून तळं बघताना मध्ये कष्टकरी माणूस दिसायला नको. माझी मुलगी बारा-बारा तासांची ड्यूटी करणारी. ती त्या भुयारात काही बोलली नाही, बाहेर आल्यावर म्हणाली, "अण्णा, माणूस दिसू नये म्हणून एवढं बांधकाम!"

पण मला लिहायचं आहे ते या घराबद्दल नाही. त्याच्याहून हजार-बाराशे वर्षं जुन्या गोष्टीबद्दल.

पायवाट बीच आणि ओकच्या झाडीतून जाते. मे महिन्यात तिथे पालवी नुकती फुटलेली असते. जमिनीवर निळ्या फुलांचे ताटवे असतात आणि रानलसणाचा वास इतका दाट, की फोडणी दिल्यासारखं वाटावं. वाटेच्या एका बाजूला मला जमीन उचललेली दिसली. ज्याने आयुष्यभर बांध बघितले त्याला नैसर्गिक उंचवटा आणि माणसाने टाकलेली माती यातला फरक लांबून कळतो. जवळ गेलो तर तो गोल कोट निघाला. मातीचा बांध, बाहेरून चर, आत सपाट जागा. बांध माझ्या कमरेच्या वर, चराच्या तळातून मोजला तर पुरुषभर उंच. चरात अनेक वर्षांचा पालापाचोळा, पाय घोट्यापर्यंत आत जात होता. बीचच्या मुळांनी बांधाची माती मुठीत धरल्यासारखी आवळली होती आणि त्या मुळांवर शेवाळ. पूर्वेच्या अंगाला बांध तुटलेला, तेवढी एका गाडीची वाट. तो दरवाजा. पश्चिमेकडून तिथे सतत वारा-पाऊस येतो, म्हणून अशा बहुतेक कोटांचं तोंड पूर्वेला किंवा आग्नेयेला असतं. सवयीने मी आतून पावलं टाकून व्यास घेतला, तो तीस मीटरच्या आसपास भरला. नंतर वाचलं, तेव्हा कळलं की या कोटांचा नेहमीचा व्यास तेवढाच असतो.

याला इंग्रजीत रिंगफोर्ट म्हणतात, तिथले शेतकरी नुसतं 'फोर्ट' म्हणतात. पण हा लढाईचा किल्ला नाही. बहुतेक रिंगफोर्ट इसवी सनाच्या सातव्या ते नवव्या शतकातले, म्हणजे आपल्याकडे बदामीचे चालुक्य आणि नंतर राष्ट्रकूट होते तेव्हाचे. आत एका शेतकरी कुटुंबाचं कुडाच्या भिंतींचं गोल घर, अंगण, कामाच्या जागा. त्या काळी तिथे माणसाची ऐपत गायींवर मोजायची आणि शेजारच्या टोळीच्या गायी पळवणं ही नेहमीची गोष्ट, म्हणून हा बांध-चर. काही कोटांच्या पोटात दगडी भुयारही सापडतं, धान्य आणि लोणी गार ठेवायला, आणि हल्ला झालाच तर बायका-मुलांना लपायला. संपूर्ण बेटावर असे सुमारे ४५,००० रिंगफोर्ट नोंदले गेले आहेत. युरोपात इतक्या जुन्या काळातली साध्या शेतकऱ्यांची घरं इतक्या संख्येने, जमिनीवर डोळ्यांना दिसतील अशी क्वचितच कुठे उरली असतील. 'गायी आणि गवत' म्हणणाऱ्या आपल्या लेखकाच्या गाडीच्या दोन्ही बाजूंना त्या प्रवासात असे कितीतरी कोट येऊन गेले असणार.

मला प्रश्न पडला तो वेगळाच. मातीचा बांध हजार वर्षं टिकतो कसा? आपल्याकडे दोन भावांमधला बांध दहा वर्षांत नांगराच्या फाळाने हातभर सरकतो, त्यावरून मारामाऱ्या होतात, त्या मी सोडवल्या आहेत. तिथे तर प्रत्येक एकरासाठी जीव टाकणारी कुळं होती, दुष्काळात उपाशी मरणारी माणसं होती. त्यांनी हे कोट नांगरून का टाकले नाहीत?

उत्तर तिथेच मिळालं. कुत्रा घेऊन फिरायला आलेल्या एक वयस्क बाई मला बांधाजवळ वाकलेला बघून थांबल्या. त्यांची बोली मला कळेना, मुलगी मध्ये बसून सांगत होती. बाईंच्या वडिलांच्या शेतात असाच एक फोर्ट होता. वडील त्याला वळसा घालून नांगरायचे. त्यातली वाळलेली काटकीसुद्धा चुलीत घालायची नाही, त्यात उगवलेल्या काटेरी हॉथॉर्नला तर हात लावायचा नाही. तो पऱ्यांचा असतो. तोडला तर घरात कोणीतरी आजारी पडतं, गाय आटते. "तुमचा यावर विश्वास आहे का?" असं मुलीने विचारलं. बाई म्हणाल्या, "माझा नाही. पण मी ते झाड तोडणार नाही."

हे ऐकून मला काय वाटलं असेल हे ज्याने आपल्या घाटमाथ्यावरची देवराई किंवा कोकणातली देवरहाटी बघितली आहे त्याला वेगळं सांगायला नको. वाळकी काडी उचलायची नाही, पडलेलं झाड तिथेच कुजू द्यायचं, आणि फारच गरज पडली तर आधी देवाला कौल लावायचा. तीच रीत, तेच भय, आणि त्याच भयाने राखलेलं रान. मला यात अंधश्रद्धा म्हणून नाक मुरडावंसं वाटत नाही. ज्या काळात कायदा नव्हता त्या काळात ते काम त्या भयाने केलं.

रॉकिंगहॅमसारख्या जहागिरीत आणखी एक गोष्ट झाली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातल्या जमीनदारांनी आपल्या आवारातल्या अनेक रिंगफोर्टांवर शोभेसाठी झाडं लावली. त्यामुळे तिथे नांगर फिरलाच नाही. आज त्या झाडांच्या मुळांनी आतले थर विसकटतात असं पुरातत्त्ववाल्यांचं म्हणणं आहे, तेही खरंच आहे. पण बांध उभा राहिला.

आता माझ्या धंद्याची गोष्ट. १८२४ ते १८४६ या काळात इंग्रजांनी कर्नल कोल्बीच्या हाताखाली आयर्लंडची पूर्ण मोजणी केली, सहा इंच बरोबर एक मैल या मापाने. जगात इतक्या मोठ्या मापावर संपूर्ण देश तोवर कोणी उतरवला नव्हता. हेतू कर ठरवण्याचाच, आपल्याकडच्यासारखा. पण त्या मोजणीदारांनी शेताशेतातले रिंगफोर्ट बारीक रेघांच्या गोलाने नकाशावर काढले. त्यांच्याबरोबर जॉन ओडोनोव्हनसारखी विद्वान माणसं गावोगाव चालत गेली. ती म्हाताऱ्याकोताऱ्यांना जागांची नावं आणि हकिकती विचारायची आणि रोज मुक्कामावरून पत्रं लिहून कळवायची. रॉसकॉमनमध्ये ओडोनोव्हन १८३७ साली फिरला. हे नकाशे आज इंटरनेटवर कोणालाही फुकट बघता येतात. मुलीच्या घरी बसून मी त्यावर या रानातले कोट शोधले. रेघ मारणाऱ्याचा हात किती साफ होता हे मोजणी खात्यातला माणूसच जाणे.

या मोजणीचं आपल्याशीही नातं आहे. आधाररेषा, म्हणजे जिच्यावर पुढची सगळी मोजणी उभी राहते ती पहिली रेघ, मोजायला कोल्बीने पितळ आणि लोखंड जोडून दहा फुटी पट्ट्या तयार केल्या होत्या. उष्णतेने धातू वाढला तरी दोन खुणांमधलं अंतर तेवढंच राहावं अशी त्यांची रचना होती. हिंदुस्थानच्या मोठ्या मोजणीचा प्रमुख जॉर्ज एव्हरेस्ट १८२९ मध्ये आयर्लंडला जाऊन हे काम बघून आला आणि तसल्याच पट्ट्या हिंदुस्थानात घेऊन आला. १८४१ साली आपल्या शेजारच्या बीदरची आधाररेषा त्या पट्ट्यांनीच मोजली गेली. साधारण त्याच सुमाराला, १८३५ पासून, गोल्डस्मिड आणि विंगेट हे इंग्रज अधिकारी इंदापूर तालुक्यात शेतं मोजत होते, ज्या मोजणीवर आपला सातबारा आजही उभा आहे. एकाच राज्यकर्त्याच्या दोन मोजण्या. पण तिथल्या नकाशावर जुना कोट हा कोट म्हणून आला. आपल्या नकाशांवर जमीन आली, आकार आला, बांध-विहीर-रस्ता आला. देवराई मात्र मी कित्येक गावांत पोटखराब्यात, म्हणजे लागवडीला निरुपयोगी जमिनीत, दाखवलेली बघितली आहे, आणि गढीच्या जागी गावठाणात नुसती पोकळी.

तिथेही सगळं आलबेल नाही. विसाव्या शतकात ट्रॅक्टर आणि बुलडोझर आले, शेतं मोठी करण्यासाठी अनुदानं आली, जुन्या माणसांबरोबर भय गेलं आणि रिंगफोर्ट सपाट होऊ लागले. १९३० पासून राष्ट्रीय स्मारकांचा कायदा आहे. १९९४ च्या दुरुस्तीनंतर प्रत्येक नोंदलेल्या जागेला क्रमांक आहे आणि तिथे काही करायचं तर सरकारला दोन महिने आधी लेखी कळवावं लागतं. तरीही अधूनमधून कोट मोडल्याच्या बातम्या येतातच. उलट १९९९ साली क्लेअर काउंटीत 'लाटून' नावाच्या ठिकाणी हमरस्त्याच्या आड पऱ्यांचं म्हणून मानलेलं एक हॉथॉर्न येत होतं. एडी लेनिहन या गोष्टी सांगणाऱ्या माणसाने वर्तमानपत्रातून आवाज उठवला आणि अभियंत्यांनी ते झाड राखून रस्ता केला. वर्तमानपत्रातून, हे मी मुद्दाम लिहिलं.

आणखी एक काम त्या देशाने केलं, ते मला सगळ्यात मोठं वाटतं. १९३७ ते १९३९ या काळात प्राथमिक शाळांच्या वरच्या वर्गांतल्या मुलांना वह्या देऊन सांगितलं, घरी जा, आजी-आजोबांना, शेजारच्या म्हाताऱ्यांना विचारा आणि लिहून आणा. गावातले कोट, विहिरी, औषधं, भुताखेतांच्या गोष्टी, दुष्काळाच्या आठवणी. सुमारे ५,००० शाळांतल्या ५०,००० मुलांनी हे लिहिलं. देश तेव्हा गरीब होता, नुकता स्वतंत्र झाला होता, यादवीतून गेला होता. तरी हे झालं. आज त्या वह्यांची पानंही इंटरनेटवर आहेत. कुठल्या शेतातल्या कोटात रात्री दिवा दिसायचा, कोणी झाड तोडलं आणि त्याचं काय झालं, हे मुलांच्या अक्षरात गावाच्या नावासकट वाचता येतं.

आता आपल्याकडे बघा. देवराईला देवाचं भय होतं, म्हणून ती बरीच टिकली. डॉ. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात त्यांचा अभ्यास केला, तेव्हापासून निदान त्यांच्याबद्दल बोललं जातं. त्यांच्यावरही संकट आहेच. देवळाचा जीर्णोद्धार करायचा, स्लॅब टाकायचा, म्हणून देवराईतलीच झाडं विकल्याचं मी बघितलं आहे. पण गढीला भय नव्हतं. देशावरच्या गावागावांत देशमुख-पाटलांच्या मातीच्या गढ्या होत्या. वाडा पडला, वारस शहरात गेले, आणि मग लोकांनी गढीची पांढरी माती धाब्यावर टाकायला नेली, शेतात खत म्हणून नेली, विटांना नेली. मी नोकरीला लागलो तेव्हा ज्या बुरुजावर चढून झेंडा लावला आणि शंकू रोखला, त्या बुरुजाच्या जागी निवृत्तीच्या वेळी पाण्याची टाकी होती. कोणी पाडलं असं म्हणता येत नाही. घमेल्याघमेल्याने गेलं. त्या गावातल्या आजच्या मुलाला तिथे गढी होती हे माहीत नाही, आणि नकाशालाही माहीत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. एक म्हणजे, गावठाणांची ड्रोनने मोजणी होऊन घराघराला मिळकत पत्रिका देण्याचं काम गेल्या काही वर्षांत राज्यात चाललं आहे. गढ्या गावठाणातच आहेत. आकाशातून घेतलेल्या चित्रात पडक्या तटाची रेघ अजून स्पष्ट दिसते, जमिनीवर उभं राहून दिसत नाही अशीसुद्धा. हे काम हातात आहे तोवरच प्रत्येक गढीचा तट आणि बुरूज नकाशावर वेगळा दाखवून घ्यावा, मालकी ज्याची असेल त्याचीच राहू दे. पुन्हा पन्नास वर्षं अशी मोजणी होणार नाही. आपल्या दैनिकाने हा विषय लावून धरावा.

दुसरं काम तर आपण सरकारला न विचारताही करू शकता. सातवी-आठवीच्या मुलांना आपल्या पानांतून आवाहन करा. गावातली गढी, देवराई, वीरगळ, बारव यांबद्दल घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून एक पान लिहून पाठवायचं, गाव, तालुका आणि शक्य असेल तिथे गट नंबर टाकून. दर आठवड्याला एक पान छापा. बाकीची जपून ठेवा, एखाद्या ग्रंथालयाला द्या. शिक्षकांवर आणखी एक काम पडतं हे मला कळतं. पण मुलं हे आनंदाने करतात, माझ्या नातवाने एका संध्याकाळी माझ्याकडून तीन पानं लिहून घेतली आहेत.

सुरुवात म्हणून मी माझ्या नोकरीत बघितलेल्या सातारा आणि सोलापूर जिल्ह्यांतल्या गढ्यांची यादी करतो आहे. गावाचं नाव, गावठाणातली जागा, मी बघितली तेव्हा तट किती उंच होता, बुरूज किती होते, एवढं प्रत्येकापुढे लिहितो आहे. यादी पूर्ण झाली की आपल्या कार्यालयात आणून देईन. कोणा शाळेला आपल्या गावची गढी मोजायची असेल तर मी स्वतः येईन. साखळी आणि शंकू माझ्याकडे आहेत, मुलांना धरायला शिकवायला अर्धा तास लागतो.

आपला नम्र,
एक निवृत्त निमतानदार,
फलटण, जि. सातारा